मागतां न येणारा हक्क

हक्क म्हणजे मागतां येण्याजोगी वस्तु, अशी आपल्या नीतिविचाराची आणि कायद्याचीहि जुनी समजूत आहे. ज्याचें येणें असेल त्यानें तें मागावें, न मिळाल्यास देणेदाराच्या दारांत बसावें, तेवढ्यानें भागलें नाहीं तर न्यायालयांत जावें. मागणारा कोणीतरी आहे, एवढें मात्र सर्वांनीं गृहीत धरलेलें असतें. आजाऱ्याच्या बाबतींत ही समजूत बहुतेक वेळां चालून जाते. पोटांत कळ उठली कीं माणूस स्वतःच वैद्याचें घर शोधतो. बेशुद्ध पडला तर त्याचें रक्त आणि त्याचीं मोडलेलीं हाडें त्याच्या वतीनें बोलतात. मनाच्या आजारांत मात्र असाहि एक प्रसंग येतो कीं, ज्याला उपचारांची सर्वांत अधिक गरज आहे तोच 'मला कांहींहि झालेलें नाहीं' असें शपथेवर सांगत असतो. किंवा, त्याहूनहि वाईट म्हणजे, जगण्याचा आपल्याला अधिकारच उरला नाहीं अशी त्याची खात्री झालेली असते. अशा माणसाच्या खिशांत पैसा नाहीं, विम्याचा कागद नाहीं, तर त्याच्यासाठीं रुग्णालयाचें दार उघडणें हें कोणाचें कर्तव्य? आणि तें कर्तव्य दयेच्या सदरांत घालावयाचें कीं न्यायाच्या? या प्रश्नाचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

शरीराच्या आजारापुरतें या प्रश्नाचें उत्तर आपल्या देशांत मिळालेलें आहे. ८ जुलै १९९२ रोजीं पश्चिम बंगालमध्यें एक शेतमजूर आगगाडींतून खालीं पडला. डोक्याला जबर मार लागून मेंदूंत रक्तस्राव झालेला. अशा स्थितींत त्याला एकामागून एक सरकारी रुग्णालयांत नेण्यांत आलें, आणि कोठें खाट रिकामी नाहीं, कोठें यंत्र नाहीं, असें सांगून प्रत्येकानें त्याला पुढें धाडलें. शेवटीं एका खाजगी रुग्णालयांत सुमारें १७,००० रुपये खर्चून तो वांचला. १९९६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, घटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्कांतच तातडीच्या वैद्यकीय मदतीचा हक्क येतो, आणि पैशाच्या टंचाईची सबब शासनाला पुढें करतां येणार नाहीं. त्या मजुराला २५,००० रुपये भरपाई मिळाली. त्यापूर्वीं १९८९ मध्यें याच न्यायालयानें, जखमी माणसाला हात लावण्याआधीं पोलिसी सोपस्कारांची वाट पाहत बसूं नये, असें डॉक्टरांना बजावलें होतें. हे दोन्ही निकाल आमच्या मतें आपल्या न्यायव्यवस्थेला भूषणभूत आहेत. पण त्या मजुराची जखम सर्वांना दिसत होती, ही गोष्ट विसरून चालणार नाहीं.

आतां त्याच्या जागीं दुसरा कोणी कल्पावा. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. चार रात्रींत डोळ्याला डोळा लागलेला नाहीं. शेजारी आपल्या पाण्यांत विष कालवतात अशी त्याची पक्की समजूत झालेली. बाप कापडाच्या दुकानांत नोकर. रात्रीं अकराच्या सुमारास मुलगा कोयता घेऊन दाराशीं बसतो, तेव्हां दोन मामा त्याची समजूत घालून, थोडेंबहुत बळ वापरून, त्याला रिक्षांत घालतात. जवळच्या खाजगी रुग्णालयांत त्यांना कोणी 'चालते व्हा' असें म्हणत नाहीं. 'आमच्याकडे मनोविकारतज्ज्ञ नाहींत' असें म्हणतात, आणि तें खरें असतें. 'इतर रुग्णांना त्रास होईल' असें म्हणतात, आणि तेंहि अगदींच खोटें नसतें. 'आधीं अनामत भरा' हें सर्वांत शेवटीं येतें. मुलानें स्वतःला इजा करून घेतली असली तर 'पोलिसांकडून जाऊन या' हा आणखी एक टप्पा. नकार येथें इतक्या सभ्य वेषांत येतो कीं त्याची फिर्याद कोणाकडे करावी हेंच कळत नाहीं. आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो मुलगा तर या नकारानें खूषच असतो. त्याला घरीं जावयाचें असतें.

कायद्यानें या प्रसंगाचा विचार केलेला नाहीं असें मात्र म्हणतां येणार नाहीं. मानसिक आरोग्यसेवेविषयींचा २०१७ चा अधिनियम २९ मे २०१८ पासून अंमलांत आहे. त्याचें ९४ वें कलम सांगतें कीं, रुग्णाच्या जिवाला किंवा दुसऱ्या कोणाला धोका असेल तर कोणत्याहि आरोग्यसंस्थेंत, कोणाहि नोंदलेल्या डॉक्टरला, रुग्णाच्या नियुक्त प्रतिनिधीची, तो हजर असल्यास, संमति घेऊन तातडीचा उपचार करतां येतो. त्याची मुदत ७२ तासांची, किंवा मनोरुग्णालयांत तपासणी होईपर्यंतची, यांपैकीं जी आधीं संपेल ती. मनोविकारतज्ज्ञ हजर पाहिजेच असें नाहीं. 'आमच्याकडे तज्ज्ञ नाहींत' हें उत्तर म्हणूनच अपुरें आहे. परंतु कलमांतील शब्द काळजीपूर्वक वाचावे. डॉक्टरला उपचार करतां येतो, असें तें म्हणतें; दार उघडलेंच पाहिजे असें दरवानाला सांगत नाहीं. अनुज्ञा आणि आज्ञा यांमध्यें जें अंतर आहे त्या अंतरांतच तो रिक्षावाला रात्रभर फिरत असतो.

येथें विम्याविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण सुशिक्षित मध्यमवर्गाला अलीकडे असें वाटूं लागलें आहे कीं विमा असला म्हणजे हे सर्व प्रश्न सुटतात. विम्याची मूळ कल्पना मोठी उदार आहे, यांत शंका नाहीं. हजारांनीं थोडें थोडें टाकावें आणि ज्या एकावर आकाश कोसळेल त्यानें तें उचलावें, यांत शेजारधर्माचेंच व्यापारी रूप आहे. पण विमा उतरणारा मनुष्य दूरदर्शी, स्थिरचित्त, मिळवता आणि निरोगी असला पाहिजे, ही अट तिच्या पोटांत दडलेली असते. मनाचे तीव्र आजार बहुधा ऐन तारुण्यांत, पहिल्या नोकरीच्या आगेंमागें, सुरू होतात. ते प्रथम झोप घेतात, मग नोकरी घेतात, आणि नोकरीबरोबर नोकरीला जोडलेला विमाहि घेऊन जातात. हप्ता भरण्याची शुद्ध जेव्हां राहत नाहीं, नेमकी तेव्हांच त्याची गरज पडते. घर जळूं लागलें म्हणजे ज्याची शाई उडून जाते असा हा करारनामा आहे!

बरें, ज्यांनीं विमा उतरला त्यांची तरी काय स्थिति होती? शरीराच्या आजाराला जो नियम तोच मनाच्या आजाराला लावावा, असें २०१७ च्या कायद्याच्या २१ व्या कलमानें विमा कंपन्यांना स्पष्ट सांगितलें. तरीसुद्धां २०२१ मध्यें दिल्लीच्या उच्च न्यायालयांत एका स्त्रीला जावें लागलें. मनोविकाराच्या उपचारांच्या खर्चाचा तिचा दावा विमा कंपनीनें नामंजूर केला होता. न्यायालयानें तिच्या बाजूनें निकाल दिला. मात्र त्या निकालासाठीं खटला चालविण्याइतकी उसंत, माहिती आणि माणसें तिच्यापाशीं होतीं. शिवाय आपल्याकडील बहुतेक विमापत्रें रुग्णालयांत दाखल झाल्यावर खुलीं होतात. आणि मनाच्या आजाराचा खरा खर्च तर दाखल होण्याच्या आधीं व नंतर, महिन्यामागून महिने घ्यावयाच्या गोळ्यांत आणि बुडालेल्या रोजांत असतो. तो खर्च झेपत नाहीं म्हणून गोळ्या सुटतात, आणि गोळ्या सुटल्या म्हणून पुन्हां मध्यरात्रीं रिक्षा शोधण्याची पाळी येते. ज्या संकटाला टाळतां आलें असतें तेवढ्यालाच पैसे देणारी व्यवस्था हिशेबाच्या दृष्टीनेंसुद्धां शहाणी म्हणतां येत नाहीं. नीतीचें राहूंच द्या.

आणि मग विम्याच्या अर्जांतील तो 'पूर्वीचे आजार' हा रकाना. त्यांत खरें लिहावें तर अर्ज नामंजूर होण्याची भीति, खोटें लिहावें तर पुढें दावा बुडण्याची. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं हा रकाना कोरा सोडतांना वडील मंडळींचा हात क्षणभर थांबला असेल. तो केवळ कंपनीच्या धाकानें थांबत नाहीं. घरांत बहिणीचें लग्न व्हावयाचें असतें. मधुमेह झाला तर आपण पाहुण्यांना चहांतली साखर कमी करावयास सांगतों. मन बिघडलें तर मुलाला 'मामाकडे गेला आहे' असें सांगतों. ज्या समाजांत आजार लपविणें हा कुटुंबधर्म झाला आहे तेथें मागणीचा पहिला शब्द उच्चारण्यापूर्वींच संपून जातो. २०१५-१६ सालीं बेंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनें केलेल्या देशव्यापी पाहणींत असें दिसून आलें कीं, निरनिराळ्या मनोविकारांनीं पीडित असलेल्यांपैकीं ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोंचतच नाहींत. या आकड्यांत दारिद्र्य किती आणि लज्जा किती, हें वेगळें काढणें आम्हांला शक्य वाटत नाहीं. तीं दोन्ही एकाच चुलीवर शिजतात.

गरिबांसाठीं कायदा बोलण्यांत कंजूष नाहीं. दारिद्र्यरेषेखालील, निराधार किंवा बेघर मनुष्याला शासनाच्या मनोरुग्णालयांत फुकट उपचार मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठीं पिवळें कार्ड दाखविण्याचीहि जरूर नाहीं, असें १८ व्या कलमांत लिहिलें आहे. जिल्ह्यांत किमान सरकारी सोय नसेल तर त्याच जिल्ह्यांतील दुसऱ्या ठिकाणच्या उपचारांचा खर्च शासनानें सोसावा, अशीहि तरतूद आहे. महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर धर्मादाय रुग्णालयांनीं शेंकडा १० खाटा निर्धनांसाठीं फुकट व आणखी १० दुर्बल घटकांसाठीं सवलतीनें राखाव्या, आणि तातडीच्या वेळीं निर्धनाकडून अनामत मागूं नये, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयानें २००६ मध्यें घालून दिली आहे. हें सर्व वाचून मन प्रसन्न होतें. मग नकाशा उघडावा. २०११ च्या जनगणनेंत सव्वाअकरा कोटींच्या घरांत लोकवस्ती भरलेल्या या राज्यांत शासनाचीं जुनीं प्रादेशिक मनोरुग्णालयें चार: ठाणें, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला सिरोंचा आहे. तेथून नागपूर तीनशें किलोमीटरांहून अधिक दूर. ज्याला आपल्याच भावाची भीति वाटत आहे अशा माणसाला घेऊन त्या भावानें एवढा प्रवास कसा करावा? दोराशिवाय दुसरा उपाय त्या बिचाऱ्याला सुचत नाहीं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे, आणि १४४१६ या क्रमांकावर फुकट सल्ला देणारी दूरध्वनीची सोयहि ऑक्टोबर २०२२ पासून झाली आहे; तिची माहिती प्रत्येक घरीं असावी. परंतु दूरध्वनीवरून खाट देतां येत नाहीं.

पैशानें या बाबतींत नक्की काय विकत मिळतें, याचा आम्हीं पुष्कळ विचार केला. औषध मिळतें असें म्हणावें, तर तीव्र मनोविकारांवरील कित्येक औषधें जुनीं व स्वस्त आहेत. सरकारी रुग्णालयांतहि तींच देतात. आमच्या समजुतीनें पैशानें विकत मिळतो तो वेळ, आणि वेळाबरोबर येणारी सौम्यता. पैसेवाल्याच्या घरीं डॉक्टर येऊन तासभर बसूं शकतो. समजूत घालण्यासाठीं दोन दिवस थांबतां येतें. एकांताची खोली मिळते. दार बंद करावें लागलें तरी त्याला पडदा असतो. निर्धनाच्या वाट्याला एक तर दुर्लक्ष येतें किंवा बळजबरी. त्या दोहोंमधील मऊ पट्टा, ज्यांत खरा उपचार होतो, तो त्याच्यासाठीं मोकळा नसतो. श्रीमंताचा उन्माद घरांत राहतो म्हणून तो आजार ठरतो, गरिबाचा रस्त्यावर येतो म्हणून उपद्रव ठरतो.

एवढ्यावर एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाहीं. 'न मागणाऱ्याला उपचार' हें बोलावयास गोड, पण याच युक्तिवादानें किती माणसें कोंडलीं गेलीं? १८५८ व १९१२ च्या कायद्यांत वेड्याच्या इस्पितळाचें दार पोलिस आणि मॅजिस्ट्रेट उघडीत; आंत जाणाऱ्याला विचारण्याची पद्धत नव्हती. नको असलेली बायको, वांटणी मागणारा भाऊ, यांची सोय त्या दारानें लावतां येत असे. आणि तामिळनाडूंतील एरवाडी येथें ६ ऑगस्ट २००१ च्या पहांटे आग लागली तेव्हां साखळदंडांनीं बांधलेलीं २८ माणसें जळून मेलीं. त्यांना तेथें आणणारे त्यांचेच आप्त होते, आणि बहुतेकांनीं तें कल्याणबुद्धीनेंच केलें होतें. मग ज्याला इच्छाच नाहीं त्याचा हक्क दुसऱ्यानें बजावावयाचा, यांत हक्काचा अर्थच पालटत नाहीं काय?

जॉन स्टुअर्ट मिल्ल याच्या १८५९ च्या स्वातंत्र्यावरील ग्रंथांत पुलाचा एक प्रसिद्ध दाखला आहे. पूल मोडकळीला आला आहे, वाटसरूला तें ठाऊक नाहीं, आणि सांगण्यास वेळहि नाहीं. तर त्याला धरून मागें ओढणें हें त्याच्या स्वातंत्र्यावर आक्रमण नव्हे, कारण नदींत पडण्याची त्याची इच्छा नाहीं. धोका ठाऊक असूनहि जो जाऊं पाहतो त्याला मात्र केवळ सावध करावें, असें मिल्ल म्हणतो. आणि तेथेंच वातांत असलेला किंवा विचारशक्ति झांकोळलेला मनुष्य त्यानें अपवाद म्हणून सोडला आहे. स्वातंत्र्याच्या एवढ्या कट्टर कैवाऱ्यानें केलेला हा अपवाद आम्हांला योग्य वाटतो. मात्र मिल्लचा वाटसरू मागें ओढला गेल्यावर गोष्ट संपते. तो ओला नाहीं, उपाशी नाहीं, त्याला रात्रीं निजावयास जागा आहे. त्याला ओढणाऱ्यानें त्याच्याविषयीं पुढें कांहीं करावयाचें उरत नाहीं. आमचा प्रश्न पुलापासून पुढें सुरू होतो. ज्याला आपण त्याच्या इच्छेविरुद्ध धरलें त्याचें देणें आपल्याकडे लागलें, असें आमचें मत आहे. त्याचें स्वातंत्र्य आपण घेतलें तें उसनें घेतलें. त्याचें व्याज म्हणून चांगली खाट, चांगला डॉक्टर आणि लवकरांत लवकर घराची वाट हीं त्याला मिळालींच पाहिजेत. त्याचा दर्जा येथें याचकाचा राहत नाहीं, सावकाराचा होतो. म्हणून हें कर्तव्य आम्ही दयेच्या सदरांतून काढून न्यायाच्या सदरांत घालतों. आणि म्हणूनच त्याच्याकडून अनामत मागणें आम्हांला केवळ निर्दय न वाटतां तर्कदुष्टहि वाटतें.

ज्यांचीं मुलेंबाळें अमेरिकेंत आहेत त्या वाचकांना वाटेल कीं हें कोडें संपन्न देशांनीं केव्हांच सोडविलें असेल. तेथें १९८६ च्या कायद्यानें, वृद्धांच्या सरकारी विम्याचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयावर, आपल्या तातडीच्या विभागांत येणाऱ्या कोणालाहि, पैसे विचारण्यापूर्वीं, तपासून त्याची प्रकृति स्थिर करण्याचें बंधन आहे. मनाचें संकटहि त्यांत येतें. आपल्या ९४ व्या कलमाला जी धार नाहीं ती या कायद्याला आहे, आणि ती आपण अवश्य घ्यावी. पण 'स्थिर' या शब्दापाशीं त्याचें औदार्य संपतें. बिल मागाहून येतेंच. आणि गरिबांच्या सरकारी विम्यांतून प्रौढांच्या, सोळांहून अधिक खाटांच्या मनोरुग्णालयांतील मुक्कामाचा खर्च देऊं नये हा तेथील जुना नियम, त्याला अपवाद वाढत गेले असले तरी, अद्याप टिकून आहे. त्यामुळें माणसें तातडीच्या विभागाच्या बोळांत दिवस दिवस पडून राहतात, आणि मोठमोठ्या शहरांच्या तुरुंगांना मनोरुग्णालयांचें रूप येतें.

या सर्वांहून मोकळें एक दार आपल्याकडे आहे, आणि त्याचा उल्लेख सुशिक्षितांना रुचणार नाहीं. तें दर्ग्याचें आणि देवस्थानाचें. तेथें रात्रीं अपरात्रीं जातां येतें, कागद कोणी विचारीत नाहीं, अनामत नाहीं, आणि 'तुझें डोकें फिरलें आहे' असें न म्हणतां 'तुला बाहेरची बाधा झाली आहे' असें सांगतात, त्यामुळें मुलाचें आणि घराण्याचें नांव राहतें. गंडेदोऱ्यांचें समर्थन आम्हांला करावयाचें नाहीं. एरवाडीच्या साखळ्या दर्ग्याच्याच आसऱ्यानें वाढल्या होत्या. परंतु गरीब माणूस अज्ञानामुळें तेथें जातो, हें आमचें नेहमींचें विधान अर्धेंच खरें आहे. तो जेथें दार उघडें दिसतें तेथें जातो. गुजराथेंत उनावा येथील मीरा दातारच्या दर्ग्यांत डॉक्टरच जाऊन बसले, आणि दुआबरोबर दवाहि मिळूं लागली. यांतील शहाणपण असें कीं, त्यांनीं रुग्णाला दाराकडे न बोलावतां दारच रुग्णाकडे नेलें.

खर्चाचें काय, असें कोणी विचारील. खर्च होईल. जिल्ह्याच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयांत मनोरुग्णांसाठीं कांहीं खाटा, रात्रपाळीला एक शिकविलेली परिचारिका, आणि दोराशिवाय आणतां येईल अशी गाडी, एवढें तरी लागेलच. लाख माणसांमागें एक मनोविकारतज्ज्ञसुद्धां ज्या देशांत नाहीं तेथें सर्वत्र तज्ज्ञ बसवितां येणार नाहींत हें उघड आहे. परंतु पहिले तीन दिवस कोणाहि डॉक्टरला सांभाळतां यावे, असें कायदाच म्हणतो, आणि तसें शिक्षण वैद्यकीय महाविद्यालयांत प्रत्येकाला देणें अशक्य नाहीं.

त्या तीन दिवसांनंतरची गोष्ट मात्र कोणत्याहि कलमांत नीट लिहिलेली आढळत नाहीं. ७२ तास भरतात; मुलगा झोपला आहे, जेवला आहे, विषाचें बोलणें थोडें कमी झालें आहे. चवथ्या दिवशीं सकाळीं परिचारिका एक चिठ्ठी लिहून देते: अमुक गोळ्या, रोज दोन वेळां, पंधरा दिवसांनीं दाखवावयास आणणें. बाप ती चिठ्ठी घडी घालून खिशांत ठेवतो आणि तिला विचारतो कीं, हीं औषधें इथेंच मिळतात कीं बाहेरून आणावीं लागतात.